घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी त्यातलं सगळं हार्ड डिस्कवर कसं घ्यायचं?

करंजाड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात. मूळचे इथले नाहीत, पण फार लांबचेही नाहीत. नवी मुंबई विमानतळासाठी ज्या दहा गावांतल्या लोकांना घरं सोडावी लागली, त्यातल्या एका गावचे. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटनही झालं. काकांच्या घराची जागा आता कंपाउंडच्या आत कुठेतरी आहे. नक्की कुठे, ते त्यांनाही सांगता येत नाही.

तर झालं असं की, काकांकडे २००८ सालचा एक कॉम्प्युटर आहे. मोठा डबा, त्यात विंडोज एक्सपी, १६० जीबीची हार्ड डिस्क. त्यात जुन्या घराचे फोटो, गावच्या पालखीचे फोटो, मुलीच्या हळदीचा व्हिडिओ आणि गावकीचे हिशोब. काकू म्हणाल्या, "घर बदललं तरी हे धूड काय सुटत नाही, भंगारवाल्याला देऊन टाका." काका माझ्याकडे आले, म्हणाले, तू कॉम्प्युटरवरच काम करतेस ना, तेवढं सगळं काढून दे.

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. नवी हार्ड डिस्क जोडली, 'माय डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉप उचलून कॉपी केलं, काकांना सांगितलं झालं म्हणून. घरी येऊन माझ्या लॅपटॉपला डिस्क लावली, तर हिशोबाच्या फाइलींत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. आणि जुन्या घराचे फोटो तर त्यात नव्हतेच. ते डी ड्राइव्हमध्ये होते. मी डी ड्राइव्ह उघडलाच नव्हता.

नशीब एवढंच की डबा अजून भंगारात गेला नव्हता.

दुसऱ्यांदा बसले तेव्हा नीट बसले. काय काय बघावं लागतं, कुठे फसायला होतं, ते सगळं इथे सांगते. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सध्या घरोघरी जुने कॉम्प्युटर बदलायचा विचार चालू आहे. तुमच्याही घरी असा एखादा डबा असेलच.

"फोटो फेसबुकवर आहेत की!"

हे वाक्य मी किमान दहा जणांकडून ऐकलंय, म्हणून आधी हेच मिटवू.

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांवर फोटो टाकला की तो दाबून लहान केला जातो. मूळ फोटो चार एमबीचा असेल तर तिथे राहतो तो काही शे केबीचा. मोबाइलवर छान दिसतो, पण भिंतीवर लावायला मोठी प्रिंट काढली की धान्य पसरल्यासारखे ठिपके दिसतात. शिवाय फोटो कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही फाइलमध्ये दडलेली माहिती बहुतेक वेळा निघून जाते.

आणि साइट कायम राहीलच असंही नाही. आपल्या आधीच्या पिढीने ऑर्कुटवर काय काय टाकलं होतं, आठवतंय? गुगलने ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद केलं. आपला डेटा काढून घ्यायला लोकांना मुदत दिली होती, पण किती जणांना तेव्हा ते कळलं? गुगल फोटोजचंही तेच. १ जून २०२१ पर्यंत तिथे हव्या तेवढ्या फोटोंना फुकट जागा होती, आता सगळं मिळून १५ जीबी, पुढे पैसे मोजा.

क्लाउड वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. पण घरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ८०-९० जीबी डेटा असेल तर तो आपल्या हातातल्या डिस्कवर घेणं सगळ्यात सोपं, आणि दर महिन्याला पैसेही भरावे लागत नाहीत.

डिस्क कोणती घ्यायची?

दुकानात दोन प्रकार मिळतात. एक, आत चकती फिरते ती हार्ड डिस्क. दुसरी, एसएसडी, जिच्यात काहीच फिरत नाही. एसएसडी वेगवान आणि धक्क्याला न घाबरणारी, पण महाग. शिवाय ती वर्षानुवर्षं वीज न मिळता कपाटात पडून राहिली तर आत साठवलेला विद्युतभार हळूहळू कमी होऊन डेटा जाण्याची शक्यता असते. बॅकअप घेऊन ठेवून द्यायचं असेल तर साधी, फिरणारी हार्ड डिस्क पुरते. फक्त ती चालू असताना हलवायची नाही, आणि पाडायची तर कधीच नाही.

किती मोठी? घरच्या जुन्या कॉम्प्युटरला १ टीबी भरपूर झाली. आणि हो, १ टीबीची डिस्क लावल्यावर कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतो. दुकानदाराने फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून हा फरक.

कॉम्प्युटरमध्ये विंडोज एक्सपी असेल तर मोठ्या डिस्कचा मोह टाळा. साधारण एक्सपीला २ टीबीच्या वरची डिस्क नीट ओळखता येत नाही. ४ टीबी स्वस्तात मिळाली म्हणून आणली आणि जुन्या डब्याने ती बघायलाच नकार दिला, असं होऊ शकतं.

डिस्कचा फॉरमॅटही बघून घ्या. डिस्कवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं की तिथे 'फाइल सिस्टिम' लिहिलेलं असतं. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर बसत नाही. हळदीचा, लग्नाचा मोठा व्हिडिओ नेमका तिथे अडतो, आणि विंडोज 'जागा नाही' असं सांगतं. डिस्क तर रिकामी दिसत असते! एनटीएफएस असेल तर एक्सपीपासून आजच्या विंडोजपर्यंत सगळीकडे चालतं. मॅकवर एनटीएफएस डिस्क वाचता येते, पण आपसूक तिच्यावर लिहिता येत नाही. घरात मॅक असेल तर एक्सफॅट बरं, पण एक्सपीला ते कळण्यासाठी वेगळा अपडेट लागतो. फॉरमॅट बदलायचा असेल तर डिस्क रिकामी असतानाच बदला, कारण बदलताना तिच्यावरचं सगळं पुसलं जातं.

डबा चालू करायच्या आधी

कित्येक महिने बंद असलेला कॉम्प्युटर थेट बटण दाबून चालू करू नका. वायर काढा, बाजूचं झाकण उघडा, धूळ ब्रशने हळू झटका. पंख्यात धूळ अडकून तो फिरलाच नाही तर अर्ध्या कॉपीत कॉम्प्युटर तापून बंद पडतो. काकांच्या डब्यात एक कोळ्याचं जाळं आणि एका झुरळाचे अवशेष निघाले. ते काकूंना सांगितलं नाही.

चालू झाल्यावर तारीख बघा. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि प्रत्येक वेळी कुठल्यातरी जुन्या सालापासून सुरू होतो. तारीख नीट करून घ्या, नाहीतर आज बनवलेलं फोल्डरही १५ वर्षं जुनं दिसेल आणि पुढे गोंधळ होईल.

मग कान द्या. हार्ड डिस्कमधून ठराविक अंतराने 'टक् टक्' असा आवाज येत असेल, एखादं फोल्डर उघडायला मिनिटभर लागत असेल, तर डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. अशा वेळी लोक हमखास एक चूक करतात. स्कॅन लावतात, डीफ्रॅग लावतात, 'जरा साफ करून घेऊ' म्हणतात. करू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला जास्तीची धावपळ म्हणजे उरलेला जीव घालवणं. त्यातल्या त्यात सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर आधी उचला, मग पुढचं. गाणी आणि पिक्चर शेवटी, ते परत मिळतात. आजीचा फोटो परत मिळत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती वाचून ते 'बरी' की 'धोक्यात' ते सांगतं. पण आवाज येत असेल तर ते बघायचीही गरज नाही, कॉपीलाच लागा.

वीज हा आणखी एक मुद्दा. जुन्या डब्याला बॅटरी नसते, आणि कॉपी चालू असताना लाइट गेली तर चालू फाइल अर्धवट राहतेच, कधीकधी नवीन डिस्कची फाइल सिस्टिमही बिघडते. यूपीएस असेल तर लावा. नसेल तर पावसाळ्यातल्या वादळी संध्याकाळी हे काम काढू नका, एवढं तरी पाळा.

डिस्क मागे जोडा

छोटीशी गोष्ट, पण माझा अर्धा तास यातच गेला. डब्याच्या पुढच्या बाजूला जे यूएसबी असतात ते आतल्या लांब वायरने जोडलेले असतात आणि जुन्या मशीनमध्ये तिथे वीज बऱ्याचदा कमी पडते. डिस्कचा दिवा लागतो, पण डिस्क दिसत नाही, किंवा दिसते आणि गायब होते. मला वाटलं नवीन डिस्कच खराब निघाली. मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या यूएसबीला लावली आणि लगेच चालली.

वेगाची अपेक्षा मात्र कमी ठेवा. नव्या डिस्कवर यूएसबी ३ लिहिलेलं असलं तरी २००८ च्या डब्यात यूएसबी २ च असतो. कागदावर त्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबी मिळाले तरी नशीब. म्हणजे ९० जीबीला साधारण ५० मिनिटं. तेही फाइली मोठ्या असतील तर. हजारो छोटे फोटो असले की प्रत्येक फाइलमागे थोडा थोडा वेळ जातो आणि ५० मिनिटांचे अडीच तास होतात. काका दर १० मिनिटांनी दारातून डोकावत होते, "झाला का गो पोरी?"

काय काय उचलायचं?

एक्सपीमध्ये प्रत्येकाच्या फाइली सी ड्राइव्हवरच्या 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरात, आपापल्या नावाखाली असतात. विंडोज व्हिस्टापासून पुढे, म्हणजे ७, ८, १०, ११ मध्ये, त्या 'यूजर्स' या फोल्डरात. घरात तिघांची वेगवेगळी लॉगिन असतील तर तिघांची फोल्डरं. बाबांच्या लॉगिनचा बॅकअप घेतला आणि ताईचा राहिला, असं सर्रास होतं.

त्याशिवाय डी आणि ई ड्राइव्ह. आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारे लोक एकाच डिस्कचे दोन-तीन भाग करून द्यायचे आणि सांगायचे, महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा, म्हणजे विंडोज उडालं तरी ते वाचेल. सल्ला चांगला होता. पण त्यामुळेच जुन्या कॉम्प्युटरमध्ये खरा माल 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये नसतो, तो डी ड्राइव्हवर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २' आणि 'अ‍ॅलन१२३' असल्या नावांनी पडलेला असतो. म्हणून जागा पुरत असेल तर डी आणि ई पूर्णच उचला. निवडानिवड नंतर, नव्या कॉम्प्युटरवर, चहा घेत करता येते.

ईमेल. आउटलुक वापरत असाल तर सगळे मेल पीएसटी नावाच्या एका फाइलीत असतात आणि जुन्या कॉम्प्युटरमध्ये ती लपवलेल्या फोल्डरात सापडते. 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये जाऊन लपलेल्या फाइली दाखवा असं सांगितल्याशिवाय ती दिसत नाही. आउटलुक बंद करून मगच कॉपी करा.

टॅली. दुकान असेल, सोसायटीचा हिशोब असेल तर हे विसरूच नका. टॅलीचं प्रोग्रॅम फोल्डर आणि डेटा फोल्डर वेगळं असतं. डेटा फोल्डरात प्रत्येक कंपनीचं आकडी नावाचं एक फोल्डर असतं, ते सगळे आकडे उचलायचे. टॅलीतच बॅकअपचा पर्याय असतो, तोही वापरून एक प्रत घ्या.

ब्राउझरमधले बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड आठवणीने बाहेर काढा. आणि कपाटातल्या सीडी-डीव्हीडी! कोकणच्या दमट हवेत त्यांच्यावर बुरशी चढते आणि मग ड्राइव्ह नुसता घरघरतो. नव्या लॅपटॉपना डीव्हीडी ड्राइव्ह नसतोच. जुना डबा चालतोय आणि त्यातला ड्राइव्ह चालतोय, तोवर लग्नाच्या डीव्हीडी त्याच डिस्कवर उतरवून घ्या.

विंडोज आणि सॉफ्टवेअर मात्र असं उचलून नेता येत नाही. 'प्रोग्रॅम फाइल्स' कॉपी करून नव्या कॉम्प्युटरवर टाकलं तर सॉफ्टवेअर चालत नाही, ते तिथे नव्याने बसवावं लागतं. अख्खी डिस्क जशीच्या तशी हवी असेल तर तिची 'इमेज' घ्यायची सोय विंडोज ७ मध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर'मध्ये आहे. पण घरातल्या फोटोंसाठी साधी कॉपीच बरी. ती कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय उघडते.

मराठी फाइली आणि फॉन्टचा घोळ

आता काकांच्या हिशोबाच्या खिचडीकडे येऊ. परदेशी वेबसाइटवरचा बॅकअपचा कुठलाही लेख वाचा, त्यात हे सापडणार नाही, कारण हा प्रश्न त्यांना येतच नाही.

युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला दिलेला ठरलेला क्रमांक. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण ती घरच्या कॉम्प्युटरवर रुळायला फार वेळ लागला. एक्सपीमध्येसुद्धा मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन वेगळी सोय चालू करावी लागायची आणि त्यासाठी विंडोजची सीडी मागितली जायची. तोवर आपल्याकडे लोक वेगळ्याच पद्धतीने मराठी लिहीत होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, कृतिदेव. डीटीपीवाले, वकील, ग्रामपंचायत, शाळा, लग्नपत्रिका छापणारे, सगळे यातलंच काहीतरी वापरायचे.

या फॉन्टची युक्ती अशी होती. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवली जायची, फक्त फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं दाखवायचा. म्हणजे फाइलीत मराठी नव्हतंच कधी. मराठी होतं ते फॉन्टमध्ये. फॉन्ट काढून घेतला की खाली उरते ती खिचडी. प्रत्येक कंपनीची खिचडी वेगळी, त्यामुळे श्रीलिपीतली फाइल कृतिदेव लावून वाचता येत नाही.

म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा बॅकअप घेताना सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातलं 'फॉन्ट्स' हे फोल्डर आवर्जून उचला. आकार फार नसतो, काही शे एमबी. मी दुसऱ्या फेरीत तेच केलं, लॅपटॉपवर तो एक फॉन्ट बसवला आणि गावकीचा २००९ सालचा हिशोब वाचता यायला लागला. पालखीला मंडप किती रुपयांचा, नारळ किती, वर्गणी कोणाची राहिली. काका वर्गणीची यादी वाचून बराच वेळ हसत होते. त्यातली अर्धी माणसं आता वेगवेगळ्या सेक्टरांत पांगलीत.

फॉन्ट उचलून काम भागतं, पण कायमचं नाही. त्यामुळे जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवरच महत्त्वाच्या मराठी फाइलींची पीडीएफ बनवून घ्या. एक्सपीमध्ये पीडीएफ छापायची सोय आपसूक नसते, पण ओपनऑफिस किंवा लिबरऑफिसची एक्सपीवर चालणारी जुनी आवृत्ती टाकली की त्यात पीडीएफचा पर्याय मिळतो. पीडीएफमध्ये फॉन्ट आत भरला जातो आणि पान जसंच्या तसं दिसतं. बनवलेली पीडीएफ दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून खात्री करा, कारण काही फॉन्ट स्वतःला असं आत भरू देत नाहीत. आणि एक लक्षात असू द्या, दिसायला ते मराठी असलं तरी त्यातला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला तर पुन्हा खिचडीच येते. शोधायला, बदलायला मजकूर हवा असेल तर तो युनिकोडमध्ये बदलावा लागतो. त्यासाठी मोफत कन्व्हर्टर मिळतात, फक्त मूळ फॉन्टचं नाव माहीत पाहिजे. ते नाव जुन्याच कॉम्प्युटरवर फाइल उघडून बघा आणि एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून त्याच डिस्कवर ठेवा.

डीटीपीचं काम असेल तर अजून एक अडचण. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. त्यातल्या फाइली आज उघडायला माणूस शोधावा लागतो. तुमच्या घरी कोणाचं प्रेस असेल, दिवाळी अंकाचं किंवा मंडळाच्या स्मरणिकेचं काम असेल, तर मूळ फाइलीसोबत पीडीएफ घ्याच. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरबरोबर यूएसबीला किंवा मागे प्रिंटरच्या जागी लावायचं एक कुलूप यायचं. ते भंगारात जाऊ देऊ नका.

कॉपी अडते तेव्हा

एक्सपीची एक वाईट खोड आहे. पाच हजार फोटो कॉपीला लावले आणि त्यातला एक वाचता आला नाही, तर ते फक्त तो फोटो सोडत नाही, अख्खी कॉपीच थांबवतं. किती झाले, कुठे थांबलं, काही सांगत नाही. नंतरच्या विंडोजमध्ये 'स्किप' म्हणायची सोय आली. म्हणून एक्सपीवर सगळं एकदम न उचलता एकेक फोल्डर उचला. टेराकॉपी नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरलं तर ते बिघडलेली फाइल बाजूला ठेवून पुढे जातं आणि शेवटी राहिलेल्यांची यादी देतं.

फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं फार खोल गेलं असेल तरीही कॉपी अडते. विंडोजला पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपर्यंतच चालतो. आतलं फोल्डर बाहेर काढून मग कॉपी करा.

कॉम्प्युटर चालूच होत नसेल तर? घाबरू नका. बहुतेक वेळा डबा मेलेला असतो, डिस्क जिवंत असते. डिस्क बाहेर काढायची आणि यूएसबीच्या वायरने नव्या कॉम्प्युटरला जोडायची. जुनी डिस्क दोन प्रकारची असते. रुंद, चपट्या पट्टीसारख्या वायरची ती आयडीई, आणि बारीक वायरची ती साटा. वायर घेताना कुठली ते सांगावं लागतं. आणि ३.५ इंची डिस्कला वेगळी वीज लागते, तेव्हा सोबत ॲडॉप्टर आहे ना ते बघा. जोडल्यावर 'तुम्हाला परवानगी नाही' असा संदेश आला तर दचकू नका, ते फोल्डर जुन्या कॉम्प्युटरवरच्या लॉगिनच्या मालकीचं आहे एवढाच त्याचा अर्थ. 'कंटिन्यू' म्हटलं की बहुतेक वेळा फोल्डर उघडतं. डिस्क कुठेच दिसत नसेल आणि आत काही फार मोलाचं असेल, तर स्वतः उघडायला जाऊ नका. डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, आणि खर्च आधी विचारा.

झालं म्हणजे खरंच झालं का?

पिक्सारचा किस्सा यासाठी सांगतात. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २'चं काम चालू असताना कोणीतरी चुकीची कमांड दिली आणि सिनेमाच्या फाइली धडाधड उडायला लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नसल्याचं त्या दिवशी कळलं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या टेक्निकल डायरेक्टरमुळे. बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती.

तर तपासायचं कसं? जुन्या फोल्डरावर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', फाइलींची संख्या आणि आकार लिहून घ्या. नव्या डिस्कवरच्या फोल्डराचंही तेच. आकडे जुळले पाहिजेत. मग डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा आणि प्रत्येक फोल्डरातल्या चार-पाच फाइली खरोखर उघडून बघा. फोटो पूर्ण दिसतोय का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतोय का. मी पहिल्या फेरीत हे घरी आल्यावर केलं म्हणून वाचले. डबा गेल्यानंतर केलं असतं तर काकांना तोंड दाखवता आलं नसतं.

काढताना 'सेफली रिमूव्ह' म्हणा, मगच वायर ओढा. नवीन कॉम्प्युटरला लावल्यावर आधी अँटिव्हायरसने डिस्क स्कॅन करा, कारण जुन्या एक्सपीत पेनड्राइव्हमधून आलेले व्हायरस जपून ठेवलेले असतात. आणि काम झाल्यावर डिस्क कायम जोडून ठेवू नका. रॅन्समवेअर कॉम्प्युटरमध्ये शिरलं तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं.

एक डिस्क पुरत नाही

फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्यामुळे एक नियम प्रसिद्ध झाला, ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. ऐकायला खूप वाटतं, पण आपल्या भागात 'घराबाहेर' या शब्दाचा अर्थ वेगळ्याने समजवावा लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, पनवेल-रायगडलाही त्या पावसाने झोडपलं. २०२१ च्या जुलैत महाड आणि चिपळूणच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. अशा पुरात तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअप डिस्क, दोन्ही एकाच वेळी जातात. आगीचंही तसंच. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या कितीतरी फाइली जळून गेल्या.

घरासाठी याचा सोपा अवतार असा. एक प्रत नव्या कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि त्यातलं अगदी मोलाचं, म्हणजे १०-१२ जीबी फोटो आणि कागदपत्रं, फुकटच्या क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आपल्याकडची हवा काही सोडत नाही. वर्षातून एकदा लावून बघा. ३१ मार्च हा जगभर बॅकअपचा दिवस म्हणून पाळतात, आणि आपल्याकडे तसाही त्या दिवशी सगळ्यांचा हिशोब चालूच असतो.

डबा देताना त्यातली जुनी डिस्क काढून घ्या. भंगारवाला तिचे फार पैसे देत नाही. ती तुमच्याकडे राहिली तर आणखी एक प्रत फुकटात मिळाली, आणि तुमचं पॅन, आधार, पासबुकाचे स्कॅन दुसऱ्याच्या हातात जायचा धोकाही टळला. नुसतं 'क्विक फॉरमॅट' केल्याने ते पुसलं जात नाही, साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतं. उरलेला डबा अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या.

काकांच्या डी ड्राइव्हवर शेवटी १,१०० च्या वर फोटो निघाले. त्यातला एक त्यांनी पनवेलला जाऊन मोठा करून आणला. ओटीवर बसलेली त्यांची आई, मागे आंब्याचं झाड आणि त्याच्याही मागे टेकडी. तो आता हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलाय. डिस्कची दुसरी प्रत त्यांनी वहाळला राहणाऱ्या पुतण्याकडे पाठवली. डबा मात्र अजून तिथेच आहे. काकू विचारतात तेव्हा काका म्हणतात, पुढच्या रविवारी देतो.